सालाची बोली

१२ नोव्हेंबर

नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याच्या शिक्षणात, होते तेव्हा रोज वही लिहायला लावायचे आणि आम्हाला घडवणारी मिस्ट्रेस ती वाचायची. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथं गोड लिहायची गरज नाही.

आज नागपूरहून परत आलो. रिपोर्टचं पाकीट त्यांनी माझ्याच हातात दिलं. नर्सच्या हातात कधी पाकीट देऊ नये. डॉक्टरांचा नंबर यायच्या आत मी उभ्या उभ्या वाचून काढला. पोटाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. सगळा पावसाळाभर मी जळजळ म्हणून गोळ्या चघळत होते आणि दवाखान्यात येणाऱ्या बायांना सांगत होते की दुखणं अंगावर काढू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही, केमो दिली तर थोडं लांबेल. "थोडं" म्हणताना टेबलावरचं पेन उघडत-मिटत होते. मी विचारलं, "पुढचा पावसाळा पाहीन का?" तर म्हणाले, "सिस्टर, तुमचा तर देवावर विश्वास आहे ना." हेच वाक्य मी पेशंटच्या घरच्यांना किती वेळा ऐकवलं असेल. ऐकणाऱ्याला किती बोचतं ते आज कळलं.

सिस्टर ग्रेसम्मा सोबत होत्या. त्या आमच्या सुपीरियर, म्हणजे घरच्या मोठ्या. केरळच्या आहेत. गाडीत बसल्यापासून खिडकीबाहेर पाहत होत्या. हिंगणघाटला फक्त विचारलं, "चहा घेतो?" पांढरकवड्यापर्यंत पुन्हा अवाक्षर नाही. कॉन्व्हेंटच्या दारात उतरल्यावर म्हणतात, "उद्या आठ वाजता दवाखान्यात बस. सोमवारपासून गर्दी आहे."

बस, एवढंच. माणूस आहे की दगड, देव जाणे.

१४ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर तीही पोटात वाढत राहील. मी जाणार होते.

आमची व्रतं सुरुवातीची काही वर्षं वर्षाच्या बोलीवर असतात. दर दोन फेब्रुवारीला वेदीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन, एका वर्षासाठी. वर्ष संपलं की माणूस मोकळा. हवं तर पुन्हा म्हणावं, नको तर बॅग भरावी. सगळं जुळलं तर काही वर्षांनी कायमची व्रतं, मरेपर्यंतची. माझी अजून वर्षाचीच चालू आहेत, आणि येत्या दोन फेब्रुवारीला मी ती म्हणणार नव्हते. पांढरकवड्याला एका नर्सिंग होममध्ये बोलून ठेवलं होतं. एक खोली घ्यायची, खोलीला कुलूप असावं आणि किल्ली माझ्याकडे असावी, यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

देवाशी भांडण नव्हतं माझं. भांडण ग्रेसम्मांशी होतं. आठ वर्षं झाली मला नर्स होऊन, तरी दवाखान्याची किल्ली त्यांच्या कमरेला. सलाईनची बाटली काढायची तरी "सिस्टर, किल्ली द्या" करत प्रार्थनेतून उठवायचं. मी काय औषधं विकणार होते?

आता कोणत्या तोंडाने जाऊ? लोक म्हणतील, आजार आला आणि विश्वास उडाला. आणि राहिले तर मी मला म्हणेन, जायला जागा नव्हती म्हणून राहिलीस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१९ नोव्हेंबर

पहिली केमो झाली. तिच्याबद्दल लिहायची इच्छा नाही. दुसरी घेणार नाही असं सांगून टाकलं. सिस्टर जसिंता रडत बसली. ती झारखंडची, माझ्याहून लहान, कोंबडी कापली तरी रडते. ग्रेसम्मा म्हणाल्या, "तुझा शरीर, तू ठरव." आणि उठून गेल्या. डोळे लाल होते, सर्दी झाली म्हणे. या बाईला बारा महिने सर्दी.

२३ नोव्हेंबर

आईला फोन केला. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मी येतो." आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, येतो, जातो. कापूस वेचायचे दिवस चालू आहेत, माणसं मिळत नाहीत, तरी मजुरी टाकून येते म्हणाली.

२६ नोव्हेंबर

आई आली. बाभुळगावहून यवतमाळ, तिथून पांढरकवडा, तिथून मुकुटबनची गाडी, आणि फाट्यावरून चालत. हातात एक पिशवी, डोक्यावर एक बोचकं. मला पाहिलं, वरून खाली पाहिलं, आणि म्हणाली, "जेवली का?"

रडली नाही. आमच्या घरात रडायला कोणाला सवड नव्हती. माझे बाबा, नागोराव, होते तोवर गावातल्या मारोतराव मालकांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी. पाडव्याला बोली व्हायची, वर्षभर बैल, नांगर, पाणी, राखण, सगळं त्यांच्याकडे, आणि पुढच्या पाडव्याला सुटका. बाबासाहेबांनी सांगितलेला धम्म आजोबांनीच घेतलेला. घरात बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी देव नाही. मी शिकायला सिस्टरांच्या होस्टेलमध्ये आले, आणि पुढे माझ्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला, माझ्या बुद्धीने इथं आले. आई तेव्हा एकच वाक्य बोलली होती. "बाबासाहेबानं आपल्याले उभं केलं, अन् तू पुन्हा गुडघे टेकले." नंतर भांडली नाही. पण वर्षाच्या बोलीचं तिला बरोबर समजलं. सालदाराची बायको ती. दर दोन फेब्रुवारीला संध्याकाळी तिचा फोन येतो. "सुटली का औंदा?" मी म्हणते, "नाही आई, अजून एक वर्ष." ती म्हणते, "बरं," आणि ठेवून देते.

आज माझ्या खोलीत आल्या आल्या तिने कपाट उघडून पाहिलं. "हे अख्खं तुहं एकटीचं?" मी म्हटलं, एक कप्पा माझा. तिने त्या कप्प्यात आपलं लुगडं ठेवलं नाही, खाटेखाली ठेवलं. मग खाटेवर बसून म्हणाली, "दोन फेब्रुवारीले सुटते ना तू? मंग चाल घरी. धम्मरत्ननं खोली रंगवली, पंखा लावला. तुह्या भावानं सोताहून केलं, मी सांगतलं नाही."

मी "येते" म्हटलं. किती सोपं होतं. मनातलं तिच्या तोंडून आलं आणि मी फक्त हो म्हटलं. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेलसं वाटतं.

३० नोव्हेंबर

ग्रेसम्मांचा अजून एक पराक्रम. मला वाटलं होतं, आता तरी काम कमी करतील. जसिंताला दवाखान्यात बसवतील, मला झोपू देतील. नाही. आज सकाळची मिस्सा, म्हणजे वेदीपुढची उपासना, झाल्यावर कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "यानंतर तू उघडतो, तू बंद करतो. मी म्हातारा झाला, विसरतो." म्हणजे आता दोन वेळा अंगण ओलांडायचं आणि वरून कडी, कुलूप, औषधांची मोजदाद. दुष्काळात तेरावा महिना. मला मरूसुद्धा निवांत देणार नाही ही बाई.

आई पाहत होती. रात्री भाकरी करता करता म्हणाली, "ते किल्ली तुह्याचकडं राहते?"

"आता दिली. काम वाढवलं."

आई हसली. "तुह्या बापाले मारोतरावनं गोदामाची किल्ली बारा वर्सानं देली होती. त्या दिवशी तो जेवला नाही." मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "काहून म्हंजे?" आणि तव्याकडे वळली. आईचं हे असंच, अर्धं सांगायचं आणि अर्धं गिळायचं.

एक गंमत मात्र झाली. आम्ही सगळ्या ग्रेसम्मांच्या मराठीला हसतो, "मी येतो, मी जातो" म्हणतात म्हणून. आई म्हणते, "तिची मराठी तं बरी आहे. आपल्यासारखीच बोलते. तूच पुस्तकातली बोलते."

१० डिसेंबर

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर जसिंता माझ्या बोटाला शिवणाचा दोरा गुंडाळत होती. मी विचारलं, काय चाललंय? तर दचकली. म्हणे, बोट सुजलंय का ते बघत होते. माझी बोटं सुजलेली नाहीत, चिपाडासारखी झालीत, हे आंधळ्यालाही दिसेल. नवीन नर्सिंग शिकत असेल, शिकू दे. पण माझ्यावर काहून?

अन्न जात नाही. भाताची पेज जाते.

२५ डिसेंबर

नाताळ. चॅपलमध्ये येशूजन्माची गव्हाण मांडली. जसिंताने खरं गवत, खरं शेण आणलं. पोडावरचे, म्हणजे जवळच्या पाड्यावरचे, कोलाम आदिवासी, गावातले चार-सहा लोक, सगळे मिस्साला आले. मी खुर्चीवर बसून होते. आई मिस्साला कधी आत येत नाही, दारात उभी राहते. लोक गेल्यावर आत आली आणि गव्हाणीकडे टक लावून पाहत राहिली.

"हे बाई गोठ्यात बाळंत झाली?"

"हो. कुठं जागा मिळाली नाही."

"मंग सालदाराचीच बायको असन," आई म्हणाली. "तुहा भाऊ बी मारोतरावच्या गोठ्यातच झाला. बाहेर पाणी येऊन राह्यलं होतं."

मला हे माहीत नव्हतं. ग्रेसम्मा मागे उभ्या होत्या. त्यांनी वाकून गव्हाणीतलं गवत सारखं केलं, जिथं काही बिघडलेलं नव्हतं. मग आईला म्हणाल्या, "तू केक खातो?" दोघी स्वयंपाकघरात गेल्या. या दोघींचं गूळपीठ कधी जमलं मला समजलं नाही.

देवाला आज मी काही मागितलं नाही. बरेच दिवस झाले, बोलणंच होत नाही. मी चॅपलमध्ये बसते आणि तोही बसतो, एवढंच.

३ जानेवारी

नागपूरहून प्रोव्हिन्शियल आल्या होत्या. आमच्या सगळ्या घरांच्या प्रमुख. चहा झाला, माझी विचारपूस झाली, मग म्हणाल्या, "सत्यशीला, तुझ्यासाठी मोठी भेट आणली आहे." मरणाच्या वाटेवर असलेल्या सिस्टरला मुदतीच्या आधी कायमची व्रतं घ्यायची परवानगी मिळते, ती त्यांनी माझ्यासाठी मिळवली होती. दोन फेब्रुवारीला वर्षाची नाही, मरेपर्यंतची. पर्समधून डबी काढली. अंगठी. कायमच्या व्रतांच्या वेळी घालतात ती.

म्हणजे दोरा त्यासाठी होता. बाप रे, किती बावळट मी! घरातली कोंबडीसुद्धा हे जाणत असेल आणि मी त्याला नर्सिंग समजत बसले.

घालून पाहिली. दोऱ्याच्या मापाची असूनही सैल झाली होती, गळून पडली आणि टेबलाखाली गेली. जसिंताने रांगत शोधली. सगळ्या रडत होत्या, आनंदाने म्हणे. मी म्हटलं, "मी विचार करते."

ताटात विंचू निघावा तसं सगळ्यांचं झालं. प्रोव्हिन्शियल म्हणाल्या, "विचार? बाळा, यासाठी सगळ्या जणी वर्षानुवर्षं वाट पाहतात." ग्रेसम्मांनी कप गोळा केले आणि म्हणाल्या, "तिला विचार करू दे. डोकं तिचा आहे." पहिल्यांदा या बाईने माझी बाजू घेतली, आणि तीही भांडी उचलता उचलता.

५ जानेवारी

आज दोन वेळा उलटी. पोटात पाणी साचतंय, मीच बोटाने वाजवून पाहिलं.

विचार करते म्हटलं होतं, तर केला. मरेपर्यंत म्हणायला आता काय लागतं? माझं मरण पावसाळ्याच्या अलीकडे आहे. ग्रेसम्मांनी मरेपर्यंत म्हटलं तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, पुढे अख्खं आयुष्य होतं, आईबाप केरळात, भाषा येत नव्हती, ऊन सोसत नव्हतं. त्यांनी जे दिलं आणि मी जे देणार, दोन्हीला एकच नाव, एकच अंगठी? बाजार उठताना भाजी स्वस्त देतात तसं झालं हे. मी राहिले तर सगळे म्हणतील, किती थोर. आणि मी जाणार होते हे फक्त मला माहीत.

आणि घरी गेले तर? तर आईच्या हातची पेज, भावाने लावलेला पंखा, आणि ज्या मुलीला ती गेलेली समजून बसली होती ती परत. तिला इतकं तरी द्यायला नको का मी? तिने माझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, वर्षातून एक फोन सोडला तर.

लिहून लिहून काही सुटत नाही. हात दुखतो.

१४ जानेवारी

कोणीतरी तुरीच्या ओल्या शेंगा आणून दिल्या. आई आणि मी ओट्यावर बसून सोलत होतो. म्हणजे आई सोलत होती, मी एखादी. सोले वांग्यात टाकले तर मला दोन घास जातील अशी तिची आशा. उन्हात बरं वाटत होतं, म्हणून विचारलं, "बाबांना मारोतरावांकडचं काम आवडायचं का?"

"कोणाले आवडन? मालक तोंडानं वाईट. चहा बी वेगळ्या कपात, गोठ्याच्या खुंटीले टांगलेल्या." आई शेंग सोलत राहिली. "दर पाडव्याले म्हणे, औंदा नाही राहत. नवं धोतर नेसून सांगाले जाये. अन् संध्याकाळी येऊन म्हणे, राह्यलो."

"काहून पण?"

"म्याही इचारलं एकदा. म्हणे, बैल वळखते मले. नव्या माणसानं हात लावला तं चारा सोडते."

"एवढ्यासाठी?"

"एवढं म्हंजे कमी हाय का?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "एका माघात त्याले ताप भरला. मालक म्हणे घरी जाय, तुहं साल माफ. नाही आला. गोठ्यात पडून राह्यला, पण सालाची बोली मोडली नाही. मी भांडलो त्याच्यासंग. म्हटलं, मेला असता तं? तं म्हणे, सालात मेलो असतो."

मी सोललेली शेंग हातात घेऊन बसून राहिले. आईने ती काढून घेतली आणि पातेल्यात टाकली.

सोले-वांगे चार घास गेले. नंतर निघाले, पण गेले तेव्हा चव होती.

२२ जानेवारी

दवाखान्यात अजून जाते. सकाळी कुलूप काढते, खुर्चीत बसते, इंजेक्शन जसिंता देते. आज मला उठवलंच नाही, ताप होता. अकराच्या सुमारास बाहेर आरडाओरडा ऐकू आला. पोडावरची भीमाबाई टेकाम, साखरेची पेशंट, पायाला जखम आहे. गेली तीन वर्षं मी पट्टी करते. जसिंताला पाय दाखवेना. जसिंता गोड बोलली, रागावली, रडलीही असेल. भीमाबाई पाय पदराखाली घेऊन बसून राहिली. शेवटी आईने मला धरून अंगण ओलांडवलं.

भीमाबाईने मला पाहिलं आणि विचारलं, "तू मरतेस म्हणतात, खरं का?"

"खरं."

"मग पट्टी कर," म्हणाली, आणि पाय पुढे केला.

मी केली. अर्धा तास लागला, दोनदा थांबावं लागलं. जखम भरतेय, कडा चांगल्या गुलाबी आहेत. माझ्या हाताने काहीतरी भरून येतंय अजून. पट्टी बांधून झाली तेव्हा मला रडू फुटलं आणि थांबेना. भीमाबाई कोरड्या डोळ्यांनी बसून होती. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "बैलं," बस, एवढंच, आणि मला धरून परत आणलं.

२९ जानेवारी

आईने बोचकं सोडून एक साडी दाखवली. जांभळी सुती, बारीक काठाची. "घरी जाताना नेसजो. पांढऱ्या साडीत नाही नेत मी तुले. धम्मरत्न गाडी घेऊन येते दोन तारखेले." तिने ती खाटेच्या पायथ्याशी घडी करून ठेवली. मी रोज पाहते. छान आहे. रंगीत नेसून मला किती वर्षं झाली.

मी तिला सांगायला हवं. पण काय सांगू, मलाच ठरत नाही. ग्रेसम्मांना मात्र आज बोलावून सगळं सांगून टाकलं. मी जाणार होते, खोली, किल्ली, सगळं. वाटलं, आता तरी रागावतील.

"मला ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "नर्सिंग होमवाल्यांनी मलाच फोन केला होता. तू चांगला आहे का विचारायला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, चांगला आहे." मग नाक पुसलं, सर्दी. "सत्यशीला, मीही दोन वेळा बॅग भरला होता. कायमच्या व्रतांनंतर. तेव्हा सांगायला कोणी नव्हता." आणि उठून गेल्या, घंटा वाजवायची होती.

१ फेब्रुवारी

प्रोव्हिन्शियल आल्या. अंगठीला आतून दोरा गुंडाळून घट्ट केली आहे. चॅपल सजवलं. धम्मरत्नचा फोन आला, उद्या दुपारी गाडी घेऊन पोचतो. साडी पायथ्याशी आहे.

ठरलं माझं. ग्रेसम्मांना सांगितलं, फादरांना सांगितलं. आईला सांगायची हिंमत नाही.

२ फेब्रुवारी

आज लिहीनच. पडून लिहितेय, अक्षर कुठं चाललंय ते दिसतंच आहे.

मिस्सामध्ये खुर्चीवर बसूनच होते. नाव पुकारलं. गुडघे टेकता येत नव्हते, तर ग्रेसम्मांनी खुर्चीच वेदीजवळ ओढून नेली. आई दारात, बांधलेलं बोचकं पायाशी. प्रोव्हिन्शियल अंगठीची डबी घेऊन उभ्या. मी म्हटलं, "मी, सिस्टर सत्यशीला, ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन या व्रतांचं वचन देते, एका वर्षासाठी."

प्रोव्हिन्शियलना वाटलं, मी चुकले. वाकून हळूच म्हणाल्या, "बाळा, मरेपर्यंत." मी म्हटलं, "नाही सिस्टर, एक वर्ष." अख्खं वर्ष माझ्याकडे उरलेलं नाही, म्हणून तेच मला द्यायचं होतं, असं काहीतरी बोलणार होते, पण श्वास पुरला नाही. ग्रेसम्माच म्हणाल्या, "एक वर्ष बोलला तर एक वर्ष," आणि डबी प्रोव्हिन्शियलच्या हातातून घेऊन झाकण लावलं. फादरांनी मिस्सा पुढे नेली.

दुपारी धम्मरत्न आला. दारात गाडी, मागच्या सीटवर उशी आणि चादर. माझा भाऊ सहा फुटाचा, तो त्या उशीकडे पाहत उभा होता. मी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. वाटत होतं, आईने आता मला दोन शिव्या द्याव्यात. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई आत आली, खाटेवर बसली. दर वर्षी फोनवर विचारते तसंच विचारलं. "सुटली का औंदा?"

"नाही आई."

"किती दिवसाची बोली केली?"

"वर्षाची."

बराच वेळ ती माझ्या पायावरून हात फिरवत राहिली. पाय सुजलेत. मी म्हटलं, "आई, मी तुला येते म्हटलं होतं. चुकलं माझं. तू म्हणशील तर..."

"सालाची बोली झाली ना?" ती म्हणाली. आवाज जरा चढला. "मंग साल भरा लागते. तुह्या बापानं मधातून कधी सोडलं नाही. तू बी सोडजो नको." मी तिच्याकडे पाहिलं. ती मला दटावत होती, लहानपणी शाळा बुडवली की दटावायची तशी. "पुढल्या सालच्या दोन तारखेपरेंत. समजलं का?"

मी मान हलवली.

मग ती उठली. बाहेर जाऊन धम्मरत्नला म्हणाली, "तू जाय. मी इथंच राहतो." परत आली, पायथ्याची जांभळी साडी उचलली, घडी नीट केली, आणि माझ्या कपाटातल्या कप्प्यात पांढऱ्या साड्यांच्या वर ठेवली.

"पुढच्या फेब्रुवारीले लागन," म्हणाली.

मी हो म्हटलं.